दोन हजार तीनशे किलो

कॅरॅव्हॅन आधी आली,
लेस्टरच्या भावामागे, त्याच्या मृत्युपत्रातून.
पडद्यांना अजून त्याच्या पाइपचा वास.
ओढायला गाडी नव्हती आमच्याकडे.
झूल आधी, बैल नंतर, असा प्रकार.

रिकामीच दोन हजार तीनशे किलो.
मी त्यात पाण्याची टाकी धरली, गॅसची दोन सिलिंडरं,
भांडी, कुत्री,
लेस्टरची हत्यारं, जी तो वापरत नाही
आणि घरी ठेवतही नाही,
आणि वीजबिलाच्या पाठीवर बेरीज केली.

विकणारे सगळे एकच आकडा सांगतात:
साडेतीन टन ओढते.
मी विचारते, उतारावर थांबवते किती?
तेव्हा ते लेस्टरकडे बघतात.

लेस्टर कुणाकडेच बघत नाही.
दोन वर्षं झाली,
त्याच्या नजरेतलं मधलं सगळं पुसलं गेलंय,
कडा तेवढ्या शाबूत.
व्हायलाच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं फिटर.
आता गाडी बोटांनी वाचतो.

पहिली पोर्ट पिरीत, पांढरीशुभ्र,
चाकांनासुद्धा काळं पॉलिश.
तो गुडघ्यावर बसला, तिच्या पोटाखाली हात घातला,
बोट बाहेर काढून चाटलं.
"खारट," म्हणाला. "पुळणीवर नाचवलीये हिला."
विकणारा पोरगा हसला,
मग हसायचा थांबला.

दुसरीचे किलोमीटर अगदीच थोडे,
पण ब्रेकच्या पायट्याचं रबर झिजून साबणासारखं.
चेहरा रंगवला तरी
बाईचं वय हातांवरून कळतं, हे मला कुणी सांगायला नको.
दुधानं तोंड पोळलेलं आमचं. हे ताकही नव्हतं.

मग पाच शनिवार काहीच नाही.
लेस्टर म्हणाला, विकून टाकू कॅरॅव्हॅन.
मी म्हटलं, बघू.

तिसरी क्वॉर्नच्या पुढे, मातीच्या रस्त्यावर,
मधमाश्या पाळणाऱ्या थानासिसकडे.
त्यानं दोष आधी सांगितले,
पाहुण्याला पायरी मोडकी आहे म्हणून सांगावं तसे:
दारावर कांगारूनं दिलेला पोचा,
गिअरबॉक्स दुसरा बसवलेला, हा कागद,
उन्हाळ्यात लांब चढावर काटा वर जातो, तेव्हा घाई करू नका.
होडी कधी ओढली नाही. फक्त पेट्या,
तेही रात्री, हळू, माश्या झोपलेल्या असताना.
लेस्टरनं गिअरबॉक्सचं तेल हुंगलं. जळकं नव्हतं.
मागच्या सीटच्या शिवणीत मेण होतं,
ते त्यानं नखानं काढलं आणि बराच वेळ
बोटांत मळत राहिला.

एकोणीस हजार सांगितले, साडेसतराला तुटलं,
वर मधाच्या तीन बरण्या.
थानासिसनं किल्ली लेस्टरच्या हातात दिली.
लेस्टरनं ती माझ्याकडे धरली,
माझ्या जरा डावीकडे, हवेत.
"बावीस वर्षं शाळेची बस हिनं चालवलीये," म्हणाला, "मी नाही."
मी एक पाऊल डावीकडे सरकले.

आज अंगणात जोडणी केली.
मी मागं घेत होते, आरशात फक्त कॅरॅव्हॅनचं कपाळ.
तो दोन्हींच्या मध्ये उभा,
एक हात गाडीच्या गोळ्यावर,
एक हात कॅरॅव्हॅनच्या दांड्यावर.
ब्रॉनविन फाटकातून ओरडली, बाबांना बाजूला घे!
मी काच खाली केली
आणि त्याचंच ऐकत राहिले:

वीतभर.
चार बोटं.
तुझ्या बाजूला जरा.
दोन.
थांब.

ब्रेकवर पाय ठेवून मी बसून राहिले.
त्यानं हँडल फिरवत दांडा खाली आणला, कडी बसल्याचा आवाज झाला,
गाडीचं बूड चार बोटं दबलं
आणि दिवे शेजारच्या भिंतीवरून उचलले जाऊन
लिंबाच्या शेंड्यावर गेले.
"पुढचं सामान मागं सरकव," तो म्हणाला,
"नाक वर करून चाललीये."
त्याला ते दिसलं नव्हतं.
हाताखाली कळलं होतं.

मी उतरले, आणि पहिल्यांदा
हत्यारांची पेटी मागं नेली.
जड होती. घरी ठेव म्हणाले नाही.