काचेमागून

ट्रोम्सो. दुपारचे दोन, बाहेर मिट्ट काळोख.
काचेमागे बसून मी बाहुल्याचा रक्तदाब उतरवतो,
छातीत घरघर सोडतो,
माइकवरून त्याचा होऊन म्हणतो, "जीव घाबरतोय."

चौघं धावतात.
एस्पेन, उद्याचा डॉक्टर, औषध मागतो;
सुन्निवा सिरिंज भरते;
फिजिओची पोरगी पाठीशी उशी सारते.
आणि मारेत, फार्मसीची,
भिंतीला टेकून पुटपुटते, "दहापट होतंय."
इतकं हळू,
की ते फक्त माझ्या हेडफोनला कळतं.

मी ठरल्याप्रमाणे रेघ सपाट करतो.

मग गोलात खुर्च्या. निवलेली कॉफी.
"मला ऐकूच आलं नाही," एस्पेन.
"मी म्हटलंच कुठे," मारेत.
आकडा सुन्निवालाही खटकला होता.
तिला वाटलं, डॉक्टरला माहीत असणार.
एस्पेन हसतो. "मला वाटलं, तुला माहीत असणार."

पुन्हा पहिल्यापासून.
या खेपेला मारेत "थांब!" म्हणते
तेव्हा आवाज चिरकतो तिचा.
सुई हवेतच राहते.

सगळे गेल्यावर मी यंत्र बंद करायला जातो.
बाहुल्याच्या गळ्यापर्यंत
कुणीतरी पांघरूण ओढलंय.
रबरी पायांत लोकरीचे मोजे,
त्यातला एक उलटा.