तिसरा रकाना

डंडीत जूनमध्ये रात्री दहालाही उजेड असतो.
त्या उजेडाचं काय करायचं हे न सुचून
मी अर्ज भरला:
पाच दिवसांचं प्रशिक्षण, पीएच.डी. करणाऱ्यांसाठी,
फी माफ, दुपारचं जेवण त्यातच.
तुम्हाला हे का शिकायचं आहे, दोनशे शब्दांत लिहा.
एकशे नव्वद शब्द मी सगळे लिहितात तसे लिहिले.
उरलेले दहा खरे होते:
माणसं फार आहेत, आणि मला एकटीला ती मोजता येत नाहीत.

माणसं म्हणजे खलाशी. चार हजार तीनशे बारा.
तागाच्या बोटींवरून या धक्क्याला उतरलेले,
आणि कुणा कारकुनाने
कानाला येईल तसे वहीत उतरवलेले.

पहिला अख्खा दिवस आम्ही रिकाम्या जागा पुसत होतो.
नावाच्या आधीची एक, नावाच्या नंतरची एक,
डोळ्यांना न दिसणारी.
"यंत्राला दिसते," इशबेल म्हणाली.
ती इथंच तळघरात जुन्या पुस्तकांचे कणे चिकटवायची,
हे सगळं पन्नाशीत शिकली.
"एक जागा चुकून राहिली, की एका माणसाची दोन होतात."

शेजारी गेथिन,
वेल्समधल्या मेंढ्यांच्या कानांवरच्या खुणांचा नकाशा करणारा.
पलीकडे अबेना आणि तिच्या शाळांची हजेरीपुस्तकं.
सँडविच गार, सूप त्याहून गार.
बुधवारी अबेनाने पिशवीतून मिरचीची बाटली काढली
तेव्हा कुठे वर्ग एकमेकांशी बोलायला लागला.

त्याच दुपारी सारखी नावं जुळवायचं बटण.
यंत्र अदबीने विचारतं: हे पाच एकच का?
दाऊद. दावूद. दावुद. दाउड.
डेव्हिड.
डेव्हिडपाशी माझा हात थांबला.
हो म्हटलं. मग ते उलटवलं.
मग चहा आणायला गेले, आणि चहा न घेताच परत आले.

गुरुवारी हुद्दे.
सारंग, तांडेल, कसाब, भंडारी, टोपाज:
यांतला शब्द नावाच्या रकान्यात सापडला
तर उचल आणि हुद्द्याच्या रकान्यात टाक.
एवढीच आज्ञा, दीड ओळीची.
आठ महिने मी जे हाताने करत होते
ते पेन्सिल उचलून ठेवेपर्यंत झालं.
मला आधी हसू आलं, मग त्या आठ महिन्यांची लाज,
मग पुन्हा हसू.

गंमत म्हणून गेथिनने आमच्या वर्गाची हजेरी घेतली
आणि तिच्यावर माझीच आज्ञा चालवली.
अकरा ओळी जशाच्या तशा. बारावी:
नाव, हेमांगी.
हुद्दा, तांडेल.
आडनावाची जागा कोरी.

सगळे हसले, मीही हसले.
पण यंत्राचं काही चुकलं नव्हतं.
कुणीतरी कधीतरी बोटीवरून उतरताना
हुद्दा परत केला नसणार;
पेन्शन नव्हती, निदान एवढं तरी, म्हणून घरी आणला असणार,
आणि पोरांनी तो पाटीवर लिहिला असणार.
असणार, असणार. प्रबंधात हा शब्द चालत नाही.

रात्री खोलीवर ते उचललेले तांडेल मी परत काढले.
एकशे सव्वीस. त्यांतले किती हुद्दे, किती माझ्यासारखे,
कोण सांगणार?
खिडकीत टे नदी अजून उजेडात होती.
मी तिसरा रकाना केला, आणि त्याच्या माथ्यावर
मराठीत लिहिलं: असेल.

शुक्रवारी पडद्यावर तीन अक्षरांच्या जागी चार चौकोन.
दुसऱ्या यंत्रावर नुसती प्रश्नचिन्हं.
प्रमाणपत्रं वाटून झाली होती, गेथिनची गाडी सुटायची होती,
दाराशी रखवालदार किल्ल्या खुळखुळवत होता.
"याचा अर्थ काय?" इशबेलने विचारलं.
मी सांगायचा प्रयत्न केला.
"मग हे दिसायलाच हवं," म्हणाली,
चश्मा कपाळावर ढकलला,
आणि पुन्हा खुर्ची ओढून बसली.