सहा किलोमीटर पाणी

रेडिओ नाकासमोर बघतो. आजूबाजूचं काही नाही त्याला.
म्हणून आधी नाक वळवायचं.
रूअरी शिडीवर, दातात पाना,
खाली हेब्रिडीजचा वारा आणि मी,
लॅपटॉप कोटात लपवून आकडे ओरडतेय:
उणे अठ्ठ्याहत्तर. उणे एकाहत्तर. गेला, गेला!
मागे घे. केसभर.
उणे अठ्ठावन्न.
आवळ.

पलीकडे सोल्गरायला, लोकर कातरायच्या शेडवर दुसरी तबकडी.
तिच्याखाली ऑयरिक, एक्क्याऐंशी वर्षांची.
इतकी वर्षं तिचा फोन लागायचा तो टेकाडावर,
तोही पश्चिमेला तोंड केलं तर.
मध्ये सहा किलोमीटर पाणी.

आठवडाभर ठीक.
मग दिवसातून दोनदा जोडणी मरायला लागली,
आज नऊला, उद्या दहाला दहा कमी.
केबल बदलली. मेंढ्यांवर आळ घेतला.
ऑयरिकने चुलीमागचं भरतीचं वेळापत्रक बघितलं न् म्हणाली,
"पाणी काठोकाठ आलं की तुमचं ते जातं."

खरंच होतं. पाण्यावर आपटून आलेली लहर
सरळ आलेलीला गाठते
आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात.
दोन मीटर खाली आणखी एक तबकडी लावली.
आता एक बहिरी झाली की दुसरी ऐकते.

राहिलं कुलूप.
कारखान्याचा शब्द पहिल्याच दिवशी काढला होता.
रेडिओला बजावलं: हा एकच पत्ता तुझा,
दुसऱ्या कुणी हाक मारली
तर ओ द्यायची नाही.
नवा परवलीचा शब्द फोनवर नको, म्हणून बोटीने गेले.
तो ऑयरिकने ठरवला:
तिच्या मेलेल्या कुत्र्यांची नावं, जुन्यापासून,
मध्ये जागा न सोडता.
सातव्यापाशी अडली.
ते नाव कधी कुणी लिहिलंच नव्हतं,
नुसतं टेकडीवरून ओरडलेलं.
दोनदा स्वतःशी, हळू,
मग एकदा मोठ्याने हाक मारली तिने
आणि मी अक्षरं लावली, ऐकू आली तशी.
कागद चुलीत टाकला.

मार्चमध्ये तिने नवं पिल्लू आणलं.
पडद्यावर धरलं, कान तेवढे दिसले.
बाहेर भरती होती, चित्र अडखळलं नाही.
"शब्द बदलायचा का गं आता?"
"एवढ्यात नको," मी म्हणाले.