आकडा

पहाटे पावणेचारला लॉरेटा थिबोडो
नवऱ्याची झोप मोडू नये म्हणून
बूट हातात घेऊन जिना उतरते.
व्हरमाँटच्या डोंगरांतल्या सहा शाळा
तिच्या एका हो-नाहीवर टांगलेल्या.
थर्मासात कॉफी, मागच्या सीटवर फावडं,
आणि कुठल्याच कॉलेजात न शिकवलेली एक परीक्षा:
चर्चपुढच्या उतारावर गाडी न्यायची,
मागेपुढे कुणी नाही असं बघून
करकचून ब्रेक दाबायचा.
गाडी थांबेल तिथे उत्तर.

आज गाडी सरकत सरकत
ऑस्गुडांच्या टपालपेटीला टेकली.
पेटी हलली. वरचा बर्फ
हळूच बॉनेटवर सांडला.

गावातली पोरं काल रात्री
पायजमे उलटे घालून झोपलीत,
उशीखाली चमचे.
असं केलं की सुट्टी पडते.
लॉरेटानेही केलं होतं, सातव्या वर्षी;
तेव्हा पडलीही होती.
त्यांना कुठे माहीत, चमचे ऐकणारी बाई
आत्ता खड्ड्यात एक चाक घालून बसलीय.

तिकडे, याकुतियातल्या एका गावात,
असं बसावं लागत नाही कुणाला.
नियम भिंतीवर, काचेमागे:
उणे पंचेचाळीसला चौथीपर्यंतचे घरी,
पन्नासला आठवीपर्यंतचे,
पंचावन्नला सगळे.
साडेसहाला रेडिओ आकडा सांगतो
आणि घरं दोन भागांत वाटली जातात.

क्युन्नेय तिसरीत आहे.
आज तिला फळ्यासमोर उभं राहून
व्होल्गाच्या उपनद्या म्हणायच्या होत्या, न अडखळता;
आठवडाभर ती त्या
गोठवलेल्या दुधाच्या चकत्या मोजताना म्हणत होती.
खिडकीबाहेरच्या थर्मामीटरवर
ती दार किलकिलं करून फुंकर घालते.
पारा अर्धा अंश चढतो,
तिच्याकडे बघतो, खाली बसतो.
“रेडिओचा थर्मामीटर विमानतळावर असतो,”
आयसेन टोपीचे कान बांधत म्हणतो.
तो सातवीत. त्याला जायचं नाही. तो जातो.
धुक्यात त्याचा श्वास सुकून कुरकुरतो,
धान्य ओतल्यासारखा,
आणि तो दिसेनासा झाल्यावरही
थोडा वेळ ऐकू येतो.

लॉरेटाचा दीर मर्विन जॉर्जियात शिकवतो.
त्यांची शाळा काल दुपारीच बंद झाली,
नुसत्या अंदाजावर.
दोन बोटं बर्फ. पडलाच तर.
पूर्वी ती हसायची.
मग एका नाताळात त्याने सांगितलं,
अख्ख्या परगण्यात मीठ टाकणारा ट्रक एक, तोही उसना,
आणि एका वर्षी “बघू, बघू” करता
चव्वेचाळीस मुलं रात्रभर व्यायामशाळेत झोपली,
पडद्यांची पांघरुणं करून.
एका मुलीने पहाटे विचारलं,
“आज शाळा आहे का?”
हे सांगताना मर्विन हसला नव्हता.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
शाळा उघडावी तर कोवळ्या वळणावर बस नंबर नऊ,
तिच्यात विन्स्टनच्या जुळ्या.
बंद ठेवावी तर
ट्रेलरांच्या वस्तीतली ती घरं,
जिथे शाळा बंद म्हणजे नाश्ता बंद,
आणि ते कुठल्याच अर्जात लिहिलेलं नसतं.
भिंतीवर काच असती, काचेमागे आकडा,
तर त्याच्यावर ढकलून झोपता आलं असतं.

पाच वाजून नऊ मिनिटं.
ती फोन काढते, हातमोजा दातांनी ओढून.
“दोन तास उशिरा,” ती सांगते.
निम्मं गाव आता तिला भित्री म्हणेल,
निम्मं बेफिकीर,
आणि चमचेवाली पोरं दगाबाज.

मग स्वयंपाकघराला फोन.
ॲग्नेस उचलते. मागे भट्टीचा घरघराट.
“दोन तास? आत्ता सांगतेस?
मी चालत आले बाई, गुडघाभर.
नव्वद अंडी फोडून बसलेय.”

लॉरेटा काही बोलत नाही.
वायपर एकदा जातो, एकदा येतो.
“ठेव तशीच,” ती म्हणते,
“मागचं दार उघडं ठेव.
कुणी आलंच लवकर, तर
विचारू नकोस का आला.”