मुद्देमाल

पंचनाम्यात माझ्या भावाचं आडनाव कांदळकर,
आरसी बुकात कांदळगावकर,
आणि विम्याच्या फॉर्मवर चौकोन संपले म्हणून
नुसतं कांदळगाव.
माणूस गळला, गाव उरलं.

वसिष्ठ घरी आहे. मांडीत सळई,
दिवसभर पंख्याची पाती मोजतो.
कागदांचं मी बघते.

"सदर मोटारसायकल वडाळा ट्रक टर्मिनलचे मागील गेटासमोर
उजवे कुशीवर पडलेली, तोंड दक्षिणेस,
पेट्रोल अंदाजे दोन फूट सांडलेले."
हवालदार काळसेकरांचं अक्षर सुरेख.
गाडीलाही कूस असते
हे मला पोलीस ठाण्याच्या बाकावर कळलं.

ट्रकचा नंबर कुणी घेतला नाही.
अज्ञात वाहन, असं एकदा लिहिलं
की सगळ्यांनाच जरा सैल वाटतं, चहा येतो.

सर्व्हेअर वखारिया गॅरेजात उकिडवे बसून
गाडीला नखानं खरवडत होते.
रबर, प्लास्टिक : निम्मा घसारा.
लोखंडाला वयाप्रमाणे.
काचेला मात्र घसारा नाही, आरशाचे पूर्ण पैसे.
काच जुनी होत नाही म्हणाले, एकदम फुटते.

मग पत्र आलं.
पंचनामा, अनुक्रमांक सात :
रबरी चप्पल एक, डावे पायाची, निळा पट्टा, रक्ताचे डाग.
चालक चप्पल घालून गाडी चालवत होता काय?
तसेच अपघात अकरा वीस, दाखल बारा पाच.
मधल्या वेळेचा खुलासा पंधरा दिवसांत करावा.

वसिष्ठच्या पायात बूट होते.
शीव हॉस्पिटलात कापून काढले.
माझ्याकडे बुटांची पावती आहे, बूट नाहीत.
आणि मधला वेळ?
त्याला फक्त डांबरासारखा वास आठवतो,
आणि कुणीतरी सारखं "झोपू नको" म्हणत होतं.

पंच क्रमांक दोन : तुळशीदास बनसोड, वय एकसष्ट,
धंदा ताडपत्री शिवणे, पत्ता टर्मिनलची भिंत.
दुपारी गेले. दाभण दातात धरून बसले होते.
हाताला तोच वास.

"डोक्याखाली काही तर पाहिजे न, बाई.
रस्ता तापला होता, खडी टोचे.
पानी मागत होता पोरगा. नाही देलं,
देऊ नये म्हनते.
चप्पल देली उशाले."
मग पोलिसांना सांगितलं का नाही?
"इचारलंच नाही कोनी.
सही कर म्हनाले, केली."

मी अनवाणी पावलाकडे बघायचं टाळत होते.
त्यांनीच विचारलं,
"ते डावी भेटन का?"

खुलासा मी रात्री लिहिला, दोन पानी.
पाऊण तास लिहायला दोन पानं पुरत नाहीत,
पण कंपनीला दोनच चालतात, सोबत आधारची झेरॉक्स.
दुसऱ्या दिवशी ठाण्यात दुसरा अर्ज :
मुद्देमाल परत मिळणेबाबत.
काळसेकरांनी चष्मा वर केला.
"चप्पल?"
चप्पल.
"मालकाचं नाव?"
त्या नावाला चौकोन पुरले.
"किंमत टाका."
साठ टाकले, खोडून नव्वद केले, जोडाची.
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, कोर्टाची ऑर्डर लागेल ताई,
नियम तो नियम,
तारीख मी सांगतो लवकरची.

नवा जोड नेला होता मी बनसोडांना.
घेतला, पिशवीसकट बाजूला ठेवला.
"ते येगळं," म्हणाले.

वसिष्ठ रोज विचारतो, क्लेमचं काय झालं?
मी म्हणते, प्रोसेसमध्ये आहे.
कुठलं प्रोसेसमध्ये आहे ते सांगत नाही.

तिकडे भिंतीवर
ताडपत्रीच्या सुतानं उजवी टांगलीय,
हरवायला नको म्हणून.