तिरपी रेघ

फोर्टातल्या विमा कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर
मे महिन्यातही स्वेटर घालून बसायची
वत्सलामावशी.
थंडी तिच्यासाठी नव्हती, यंत्रासाठी होती.

ते खोलीभर घुमायचं
आणि ही कार्डांना भोकं पाडायची:
हप्ता, वारस, मृत्यूची तारीख.
वर्षाला दोनच आकडे. जागा कमी, म्हणायची,
शतक कोण लिहीत बसतं?

एकदा परेराच्या हातून ट्रे सुटला.
दोन हजार कार्डं फरशीवर.
गठ्ठ्याच्या कडेवर तिनं आधीच ओढली होती
लाल पेन्सिलीची तिरपी रेघ;
ती पुन्हा जुळेपर्यंत
दोघं उकिडवी, चहा गार.

पुढे यंत्र कुर्ल्याला गेलं, किलोच्या भावात.
तिची आकडेमोड मात्र अजून चालते म्हणे,
बेलापूरला, रात्री दीड वाजता,
कुणीही नसलेल्या खोलीत.

उरलेली कार्डं घरी आली.
पाठकोऱ्या बाजूवर: रवा अर्धा किलो.
गॅसला नंबर लावणे. डॉ. तांबे, साडेपाच.

काल तिचं कपाट आवरताना
डब्यांत, पासबुकांत, उशीच्या अभ्र्यात
सापडत गेली.
प्रत्येकाच्या कडेला लाल ठिपका, मोहरीएवढा.

फरशीवर बसलेय.
रवा आधी,
की डॉक्टर?