रन

अंगद घुले, पाथरीचा, दोन्ही वेळचं जेवण,
जूनपासून पैसे नाहीत.
म्हणाला, मावशी, बिलाच्या बदल्यात इंग्रजी शिकवतो.
मी म्हटलं, मला काय कलेक्टर व्हायचंय?
तरी बसला ओट्यापाशी, पिठाच्या डब्यावर,
आणि खाड्यांच्या वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने लिहिलं : रन.
म्हणजे पळणे.
म्हटलं, एवढं तर क्रिकेटमुळे शेंबड्या पोरालाही येतं.

थांबा, म्हणाला, हा शब्द लई चालू आहे.
शेंबड्या पोराचं नाक वाहतं ना, ते रन.
नळ सोडून ठेवला, रन.
नवी चादर भिजवली, तिचा रंग गेला
आणि चार जणांचे बनियन गुलाबी झाले, तेही रनच.
पीएमटी कात्रजपर्यंत रन करते.
करते कुठे, मी म्हटलं, टिळक रोडलाच रखडते.
रखडली तरी, म्हणाला, वेळापत्रकात रनच.

आणि नगरसेवकाला जे उभे राहतात
ते इंग्रजीत उभे राहत नाहीत. पळतात.
इथे माझा उलथन्याचा हात थांबला.
आपल्याकडे आधी उभा राहतो, मग निवडून येतो,
मग पाच वर्षं दिसत नाही.
त्यांनी पहिल्यालाच खरं सांगून टाकलेलं.

तुम्ही काय करता, मावशी?
मेस चालवते.
मग म्हणा, आय रन अ मेस.
म्हटलं. परत म्हणायला लावलं, परत म्हटलं.
डावा गुडघा हा असा, लाटण्यासारखा ताठ,
जिना उतरताना कठडा सोडत नाही,
नागनाथ पारापर्यंत जायचं तरी रिक्षा बघते,
आणि ही बाई बावीस वर्षं पळतेय म्हणे!
खूप हसलो दोघं.
रात्री भांडी पालथी घालताना मात्र वाटलं,
लाटणं जेवढं फिरलं माझ्या हाताखाली
तेवढं सरळ रस्त्याला लागलं असतं
तर पाथरी मागे टाकून कुठल्या कुठे गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी रन आऊट.
मी म्हटलं, तेही क्रिकेटचंच.
नाही. संपणे.
गॅस संपला. पीठ संपलं. वेळ संपली.
वय संपलं, म्हणाला,
आणि पुढचं उदाहरण त्याला सापडेना.
मीच सांगितलं, ताक संपलं, जा, घेऊन ये.

रन अप अ बिल म्हणजे बिल थकवणे,
हेही त्यानेच लिहून दिलं,
खाली मान घालून, बारीक अक्षरात.
चोर असता तर एवढं शिकवलं असतं का?

निकाल सोमवारी लागला.
मंगळवारी त्याचं ताट तसंच राहिलं.
बुधवारी खोलीतला पोरगा आला,
वरण वाढून घेत म्हणाला, पळाला तो, मावशी.
या पळण्याला इंग्रजीत काय, ते पानावर नव्हतं.
तेवढंच एक शिकवायचं सोडलं त्याने.

अंगद म्हणे रावणाच्या दरबारात
पाय रोवून उभा राहिला, कुणाला हलवता आला नाही.
हाही सहा वर्षं तसाच होता शास्त्री रोडला,
एका खुर्चीवर, एका पंख्याखाली.
कुणी हलवला, मला काय ठाऊक.

वही पुढून उघडली.
घुले, बाकी आठ हजार चारशे.
त्यापुढे मंगळवारचा खाडा मांडला.
बुधवारचा मांडला.
गेलेल्याचे खाडे मांडत नाहीत, नाव खोडतात,
बावीस वर्षांत एवढं कळतं मला.
तरी आज शुक्रवारचाही मांडला.
खातं चालू ठेवणे, यालाही रनच म्हणतात का,
विचारायचं राहून गेलं.